मते लँकेशायरची, कर धोतराचा

आपल्या इतिहासाच्या क्रमिक पुस्तकात एक वाक्य असते. ‘१८९६ साली सरकारने हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसविला.’ आपण त्याखाली रेघ मारतो, परीक्षेत पाच गुणांच्या टीपेत ते वाक्य उतरवितो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. मीही दोन वर्षे हेच केले. मात्र बी. ए. ला इतिहासाबरोबर अर्थशास्त्र घेतल्यावर एक शंका मनात घर करून बसली. आपल्याच प्रजेच्या गिरणीत विणलेल्या कापडावर आपणच कर बसवायचा, आणि तोही परदेशी कापडावरील जकातीच्या बरोबरीने, हे कोणत्या सरकारला सुचते? वाचीत गेलो तेव्हा या एका वाक्यामागे विलायतेतली एक अख्खी पार्लमेंटची निवडणूक उभी असल्याचे दिसले. ती १८९५ च्या जुलै महिन्यातली. तिची हकीकत येथे सांगावयाची आहे.

आधी थोडे मागे गेले पाहिजे. हिंदुस्थानात येणाऱ्या विलायती कापडावर पूर्वी पाच टक्के आयात जकात होती. सरकारला ती केवळ उत्पन्नासाठी हवी होती, देशी धंद्याला आधार द्यावा असा विचार त्यात नव्हता. पण मुंबईत कापड गिरण्या उभ्या राहू लागल्या तशी मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांना ती खुपू लागली. १८७४ पासून त्यांच्या व्यापारी मंडळाची निवेदने सुरू झाली. १८७९ साली लॉर्ड लिटनने आपल्या कौन्सिलातील बहुमत डावलून जाड्याभरड्या कापडावरील जकात काढली, आणि १८८२ साली रिपनच्या काळात मीठ-दारूसारख्या मोजक्या वस्तू सोडून बाकी सारीच आयात जकात गेली. रिपनविषयी आपल्याकडे आदराने बोलले जाते, आणि ते योग्यही आहे, पण हा भाग सहसा कोणी सांगत नाही.

मग १८९४ मध्ये जकात पुन्हा का आली? तर रुपया पडला म्हणून. आपला रुपया चांदीचा आणि विलायतेचा पौंड सोन्याचा. चांदी जगभर स्वस्त होत गेली तसा रुपयाचा भाव घसरत गेला. एके काळी रुपयाला दोन शिलिंग मिळत, म्हणजे पौंडाला दहा रुपये पडत. १८९४-९५ मध्ये रुपयाला तेरा पेन्सच्या आसपास मिळू लागले, म्हणजे पौंडाला साडेअठरा रुपये! हिंदुस्थान सरकारला दर वर्षी विलायतेत पेन्शने, कर्जाचे व्याज, इंडिया ऑफिसचा खर्च वगैरेंपोटी कोट्यवधी रुपये पौंडांत भरावे लागत. त्या पौंडांचा आकडा फारसा न बदलता रुपयांचा आकडा मात्र फुगत गेला. १८९३ साली टांकसाळी चांदीला बंद केल्या तरी तूट भरून निघेना. शेवटी मार्च १८९४ मध्ये जवळजवळ सर्व आयात मालावर पाच टक्के जकात पुन्हा बसली.

जवळजवळ सर्व म्हणायचे कारण, आयात मालात सर्वांत मोठा असलेला कापूसमाल वगळण्यात आला! त्यावर येथे इतका गिल्ला झाला की हिंदी पुढाऱ्यांच्या जोडीला मुंबई-कलकत्त्याचे इंग्रज व्यापारीही सरकारला दोष देऊ लागले. अखेर डिसेंबर १८९४ मध्ये विलायती कापडावरही पाच टक्के जकात आली. पण तिच्याबरोबर एक शेपूट आले. हिंदी गिरण्यांत कातलेल्या वीस नंबराच्या वरच्या सुतावर अबकारी.

इचलकरंजीकडच्या वाचकांना सुताचा नंबर समजावून सांगावा लागणार नाही, इतरांसाठी सांगतो. ८४० वारांची एक लडी धरायची. अशा जितक्या लड्या मिळून एक पौंड वजन भरते, तो त्या सुताचा नंबर. म्हणजे नंबर जितका चढा तितके सूत बारीक. मुंबईच्या गिरण्या त्या काळी मुख्यतः वीसच्या खालचे जाडे सूत काढीत, तर लँकेशायरचा माल बहुतांशी बारीक. सरकारचा हिशोब असा की, जेथे दोन्ही माल एकमेकांसमोर येतात तेथे दोघांवरही कर असावा, म्हणजे कोणाला संरक्षण मिळाले असे होणार नाही. खुल्या व्यापाराच्या पोथीप्रमाणे हे अगदी सोवळे होते.

लँकेशायरला तेही पुरेसे वाटले नाही. त्यांचे म्हणणे दोन मुद्द्यांचे होते. एक, अबकारी सुताच्या किमतीवर आणि जकात कापडाच्या किमतीवर. विणाईची मजुरी सुताच्या किमतीत धरली जात नाही, तेव्हा दोन्ही बोजे सारखे कसे? दुसरा मुद्दा असा की, गरीब माणूस बारीक कापड महागले तर जाडे घेतो, आणि जाड्यावर तर करच नाही. तेव्हा हे आडवाटेचे संरक्षणच आहे. प्रामाणिकपणे सांगायचे तर पहिला मुद्दा हिशोबाने बरोबर आहे. दुसऱ्यातही तथ्याचा अंश आहे. पण किती? मँचेस्टरचे मलमल घेणारा ग्राहक जकातीच्या दीड-दोन आण्यांसाठी मांजरपाट नेसू लागेल, हे मला तरी पटत नाही.

येथे लँकेशायरच्या कामगाराविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण आपल्या लिखाणात तो सरसकट खलनायक म्हणून येतो. नोव्हेंबर १८९२ ते मार्च १८९३ असे वीस आठवडे ओल्डहॅम परिसरातल्या सूतगिरण्यांना टाळे होते. मालकांना मजुरीत पाच टक्के कपात हवी होती. वीस आठवडे मजुरी नसलेल्या घरात काय शिजले असेल, हे गिरणगावात नातेवाईक असलेल्या आपल्यापैकी अनेकांना सांगायला नको. ब्रुकलँड्सच्या करारान्वये तो तंटा मिटतो न मिटतो तोच हिंदुस्थानच्या जकातीची बातमी आली. ब्लॅकबर्नसारख्या गावात तर मागावर विणली जात होती आपलीच धोतरे. स्वतः कधी न नेसलेले वस्त्र विणून पोट भरणारी ती माणसे. सर्वांत मोठे गिऱ्हाईक हिंदुस्थान. तेथे दारात पाच टक्क्यांची आडकाठी आली की उद्या माग थांबणार, हे त्यांना समजावून सांगायला कोणा मालकाची गरज नव्हती. म्हणून एरवी हमरीतुमरीवर येणारे मालक आणि कामगार संघटना या एका प्रश्नावर एकत्र आले.

प्रश्न पार्लमेंटात गेला. २१ फेब्रुवारी १८९५ रोजी सर हेन्री जेम्स यांनी कॉमन्समध्ये या जकातीविरुद्ध तहकुबी सूचना मांडली. हे गृहस्थ बरी येथील सभासद, म्हणजे ऐन लँकेशायरचे. सरकार उदारमतवादी पक्षाचे होते आणि भारतमंत्री होते हेन्री फाउलर. लँकेशायरच्या सभासदांच्या नाराजीने आधीच डळमळीत असलेले मंत्रिमंडळ त्या रात्री पडते की काय, अशी स्थिती होती. फाउलरनी उत्तरादाखल केलेले भाषण फार गाजले. हिंदुस्थानला येथे प्रतिनिधी नाहीत असे म्हणतात, पण या सभागृहातला प्रत्येक सभासद, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, हिंदुस्थानचाच सभासद आहे, असा त्याचा आशय. विरोधी बाकांवरील काहींनीही सरकारला साथ दिली आणि सूचना १०९ विरुद्ध ३०४ मतांनी फेटाळली गेली.

हिंदुस्थानात आनंद झाला. होणारच. ब्रिटिश न्यायबुद्धीवर भिस्त ठेवणाऱ्या पिढीला याहून चांगला दाखला कोठला? त्याच सभागृहात तेव्हा दादाभाई नौरोजी बसत होते. लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून ते १८९२ साली पाच मतांनी निवडून आले होते.

पण फाउलरच्या वाक्यातली फट मला येथेच दिसते. प्रत्येक सभासद हिंदुस्थानचा सभासद आहे, हे खरे मानू. पण हिंदुस्थानचा सभासद म्हणून त्याला पुन्हा निवडून कोण देणार? ब्लॅकबर्नचा मतदार? जो चार महिन्यांनी दारात मते मागायला येणार आहे, त्याला फेब्रुवारीतल्या उदात्त रात्रीचा हिशोब द्यावाच लागतो.

आणि चार महिन्यांनी तसेच झाले. २१ जूनला सरकार पडले. कशावरून? तर सैन्याकडे स्फोटक द्रव्याचा साठा पुरेसा नाही, या मुद्द्यावरील सात मतांच्या फरकाने. लॉर्ड रोझबेरी गेले, लॉर्ड सॉल्झबरी आले आणि लगेच सार्वत्रिक निवडणूक लागली. त्या काळी विलायतेत सगळीकडे एकाच दिवशी मतदान होत नसे. १३ जुलै ते ७ ऑगस्ट असे जवळजवळ चार आठवडे ते चालले. स्त्रियांना मत नव्हते आणि प्रौढ पुरुषांपैकीही सुमारे चाळीस टक्क्यांना नव्हते, हेही ध्यानात ठेवावे.

ही निवडणूक एकट्या कापडावर झाली असे म्हणणे धाडसाचे होईल. देशभर आयर्लंडचे स्वराज्य, लॉर्ड्स सभेचे अधिकार, दारूबंदीचे विधेयक असे विषय होते आणि उदारमतवादी पक्षात आपापसांत मेळ नव्हता. परंतु लँकेशायरमध्ये हिंदुस्थानची जकात हा सभासभांतून विचारला जाणारा प्रश्न होता. त्याच्या जोडीला चांदीचा प्रश्नही होता. रुपया पडल्याने आपला माल हिंदुस्थानात महाग पडतो, म्हणून सोन्याबरोबर चांदीही चलनात घ्यावी, असे तेथील पुष्कळांचे मत होते, आणि मँचेस्टरहून निवडून येणाऱ्या बाल्फोर यांचा त्याला पाठिंबा होता. गंमत पाहा, ज्या रुपयाच्या घसरणीमुळे आपल्याकडे जकात बसली, तिच्याच विरुद्ध तेही ओरडत होते. दुखणे एकच होते.

लँकेशायरच्या वाट्याला ५७ जागा होत्या. त्यांतील बहुतेक हुजूर पक्षाने व त्याच्या मित्रांनी जिंकल्या. ओल्डहॅमचेच उदाहरण घ्या. तेथील दोन्ही जागा १८९२ साली उदारमतवाद्यांकडे होत्या. १८९५ साली दोन्ही हुजूर पक्षाकडे गेल्या. विजयी झालेल्यांपैकी रॉबर्ट ॲस्क्रॉफ्ट हे कापड कामगारांच्या संघटनेचे वकील. कामगारांचा माणूस हुजूर पक्षाच्या तिकिटावर, हे ऐकायला विचित्र वाटते, पण ओल्डहॅमच्या मतदाराला त्यात विसंगती वाटली नाही. (१८९९ मध्ये हे ॲस्क्रॉफ्ट वारल्यावर झालेल्या पोटनिवडणुकीत विन्स्टन चर्चिल आयुष्यातली पहिली निवडणूक लढले आणि हरले.)

त्याच निवडणुकीत फिन्सबरीत दादाभाई पडले. आणि लंडनमध्येच बेथनल ग्रीनमधून मंचरजी भावनगरी हे दुसरे पारशी गृहस्थ हुजूर पक्षातर्फे निवडून आले. म्हणजे कॉमन्समध्ये हिंदी माणूस एक होता तो एकच राहिला, फक्त बाक बदलले! पण ज्यांच्या पाठीशी काँग्रेसची मागणी होती ते बाहेर गेले.

नव्या मंत्रिमंडळात भारतमंत्री झाले लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन. आणि ज्यांनी फेब्रुवारीत तहकुबी सूचना मांडली होती ते सर हेन्री जेम्स? त्यांना लॉर्ड करून मंत्रिमंडळात घेतले आणि जे पद दिले त्याचे नावच ‘डची ऑफ लँकेस्टरचे चॅन्सेलर’. पद बहुतांशी मानाचे होते हे खरे, पण नाव वाचून मला हसू आवरले नाही.

लँकेशायरला दिलेला शब्द पाळायला सहा महिने पुरले. फेब्रुवारी १८९६ मध्ये कलकत्त्याच्या कायदेमंडळाने नवा कायदा संमत केला. सूत, देशी असो वा विलायती, करमुक्त. विलायती कापडावरील जकात पाचवरून साडेतीन टक्के. आणि हिंदी गिरण्यांत विणलेल्या सर्व कापडावर, जाडे असो वा बारीक, साडेतीन टक्के अबकारी. हातमागाला सूट.

याचा अर्थ शंभर रुपयांच्या मालावर मांडून पाहू. विलायती बारीक धोतरजोड्यांचा गठ्ठा पूर्वी पाच रुपये भरीत होता, तो आता साडेतीन भरू लागला. नेसणारा सुखवस्तू, त्याचा दीड रुपया वाचला. मुंबईच्या गिरणीतले जाडे कापड पूर्वी काहीच भरीत नव्हते, ते आता साडेतीन भरू लागले; आणि ते नेसणारा कोण, हे सांगायला नको. लँकेशायर असले जाडे कापड फारसे पाठवीतच नव्हते. जेथे स्पर्धाच नाही तेथे ‘समतोल’ राखण्यासाठी कर! पोथीतला न्यायसुद्धा येथे उरला नव्हता.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूच्या लेखकांकडून बहुधा राहून जाते. या कायद्याने हातमागवाल्याचे नुकसान झाले नाही, उलट सूत करमुक्त झाल्याने त्याला थोडा फायदाच झाला. सोलापूरचा किंवा आपल्या इचलकरंजीचा विणकर बारीक सूत बाजारातूनच घेई. १८९४ च्या कराने ते महागले होते, १८९६ मध्ये तो भार उतरला. ‘हिंदी धंदा’ म्हणून आपण एकच वस्तू समजतो, पण गिरणीमालक, गिरणी कामगार आणि मागावरचा विणकर यांचे हित प्रत्येक वेळी एका दिशेला नसते. सरकारने हे विणकरावरील प्रेमाने केले, असे मात्र कोणी समजू नये.

आता करवीरकरांनी विचारावे, यात आपला काय संबंध? संबंध असा. एप्रिल १८९४ मध्ये शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला. १८९१ पासून मिरजेहून आगगाडी येथवर येत होती; मुंबई बंदरात उतरलेला गठ्ठा थेट कोल्हापूरच्या पेठेत येऊन पडे. बंदरातली जकात त्याच्या किमतीत मिसळलेली असे, आणि ती आपले पणजोबा बिनबोभाट भरीत. मुंबई इलाख्यातल्या माणसाला निदान कायदेमंडळात कोणी अप्रत्यक्ष का होईना निवडून गेलेले होते. १८९५ साली टिळक मुंबई कायदेमंडळावर निवडून आले, ते याच मार्गाने. संस्थानी प्रजेला तेवढेही नव्हते. ब्लॅकबर्नला मत, पुण्याला अर्धे मत, कोल्हापूरला शून्य. पण धोतराची किंमत मात्र जो तो पुरेपूर देई.

महाराजांनी त्याच १८९५ मध्ये शाहूपुरी वसवून गुळाच्या व्यापाराला जागा करून दिली आणि पुढे १९०६ साली शाहू मिलचा पाया घातला. ती गिरणी आता बंद आहे, पण आवार अजून उभे आहे. कायदे करण्याचा अधिकार ज्यांच्या हाती नाही त्यांनी धंदा उभारून काय साधता येते, याचा तो एक प्रयत्न होता, असे मी त्याकडे पाहतो. माझे हे मत कोणाला ओढूनताणून आणलेले वाटेल, वाटो.

१८९६ मध्ये या अबकारीच्या निषेधार्थ पुण्यात व इतरत्र विलायती कापडावर बहिष्काराची चळवळ झाली आणि टिळकांनी तिला जोर दिला. १९०५ च्या बंगालमधील बहिष्काराच्या नऊ वर्षे आधीची ही गोष्ट आहे. दुसरीकडे, आमच्याच राजाराम कॉलेजचे एके काळचे विद्यार्थी गोपाळ कृष्ण गोखले १८९७ साली विलायतेत वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला गेले. कर देणाऱ्याचा खर्चावर काहीही ताबा नाही, हा त्यांच्या साक्षीचा गाभा. पुढे वरिष्ठ कायदेमंडळात त्यांनी ही अबकारी काढण्याची मागणीही केली. टिळक आणि गोखले यांच्यात जे मतभेद आपण पाठ करतो, ते या बाबतीत केवळ मार्गाचे होते. कर अन्यायाचा आहे याविषयी दोघांत दुमत नव्हते. ‘ब्रिटिश न्यायबुद्धी’ हा शब्द मात्र १८९५ नंतर तरुणांच्या तोंडी पूर्वीसारखा येईनासा झाला असावा, असा माझा तर्क आहे.

अबकारी तीस वर्षे टिकली. महायुद्धाच्या खर्चासाठी हिंदुस्थानने मोठी रक्कम द्यावयाचे ठरले तेव्हा, १९१७ साली, विलायती कापडावरील जकात साडेसात टक्के झाली आणि अबकारी साडेतीनवरच राहिली. लँकेशायरचे शिष्टमंडळ पुन्हा भारतमंत्र्यांकडे गेले, पण या खेपेस रिकाम्या हाताने परतले. १८९५ साली जी ताकद मतपेटीतून आली होती ती युद्धाच्या गरजेपुढे फिकी पडली.

शेवटचा घाव मात्र पार्लमेंटात बसला नाही. १९२५ साली मुंबईच्या गिरणीमालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. सरकारने अबकारी काढली तर कपात मागे घेऊ, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे विलायतेच्या मतदाराने लादलेला कर मालक आता आपल्या कामगाराच्या पगारातून वळता करू पाहत होते. सप्टेंबरपासून सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. रत्नागिरी, सातारा आणि आपल्या कोल्हापूरकडची ही माणसे. त्यांतील कित्येक जण घरचे भात-नाचणी खाऊन दिवस काढायला गावाकडे परतली. संप तिसऱ्या महिन्यात गेला, आणि १ डिसेंबर १९२५ पासून सरकारने अबकारीची वसुली थांबविली. मालकांनी कपात मागे घेतली व भोंगे पुन्हा वाजू लागले. १९२६ मध्ये तो कायदाच रद्द झाला. त्या सुमारास ओल्डहॅमच्या सूतगिरण्या मालाला उठाव नसल्यामुळे आठवड्यातले काही दिवस बंद ठेवल्या जात होत्या.